पांझरस्थानचा फितूर

…म्हणे खेळ होता! आता तुम्हीच सांगा, ज्या खेळापायी चांगला नोकरीतला माणूस चहाच्या किटलीच्या वाफेवर स्वतःच्या बायकोचं पाकीट धरून उभा राहतो, डिंक सुटेस्तोवर बोटं भाजून घेतो, आणि आत निघतं काय, तर मेव्हण्याला लिहिलेलं चार ओळींचं पत्र… त्याला खेळ म्हणायचं? म्हणा बापडे! मी नाही म्हणणार. मी त्या सरकारात मंत्री होतो, मला विचारा!

पण थांबा, असं मधूनच सांगितलं तर तुमच्याच मनात संशय यायचा, की हा माणूस शुद्धीवर आहे ना? पहिल्यापासून सांगतो.

गेलं साल, सत्त्याऐंशी. पितांबर म्हणजे आमच्या पिंपळनेरच्या एस्टी स्टँडावरचा वाहतूक नियंत्रक. त्याची-माझी भिंतीला भिंत. जाळीच्या खिडकीत बसायचं, वहीत गाड्यांच्या वेळा लिहायच्या आणि भोंग्यावर बोलायचं… ‘साक्रीमार्गे धुळ्याकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर उभी आहे, प्रवाशांनी कृपया…’ आवाज असा, की बाजारातल्या म्हशी वळून बघायच्या. माणूस सज्जन. एका पैशाचा लबाड नाही. पण संशय! तुम्हाला सांगतो, धुळे गाडी वेळेवर आली की हा खिडकीतून मान बाहेर काढून म्हणायचा, ‘वेळेवर? काहीतरी गडबड आहे.’ कुणी सकाळी रामराम घातला, की माणूस वळणावर दिसेनासा होईपर्यंत हा विचार करत उभा, की याचं आपल्याकडे काय काम असेल? डॉक्टरनं दोन रंगांच्या गोळ्या दिल्या तर घरी येऊन तिसराच प्रश्न… ‘दोन कशाला? एकीवर त्याचाच विश्वास नाही का?’

अशा माणसाच्या हातात एका साप्ताहिकाचं पान पडलं. जाहिरात: ‘घरबसल्या देश चालवा!’ जळगावचे कुणी यादवराव, नागरिकशास्त्राचे निवृत्त मास्तर, त्यांनी टपालानं खेळायचा खेळ काढलेला, नाव ‘देशकारभार’. बारा खेळाडू, बारा देश. प्रत्येकानं आपापल्या देशाला नाव द्यायचं, कारभार कसला ते ठरवायचं, राजेशाही म्हणा, लोकशाही म्हणा, लष्करशाही म्हणा, आणि दर महिन्याच्या दहा तारखेच्या आत हुकूमनामा लिहून यादवरावांना धाडायचा. सैन्य कुठे, पाटबंधारे कुठे, कुणाशी दोस्ती, कुणावर स्वारी. यादवराव सगळे हुकूमनामे समोर ठेवून निकाल लावणार आणि सायक्लोस्टाइलवर काढलेलं राजपत्र बाराही घरी पाठवणार. सोबत नियमावली, अकरा पानं, जांभळी अक्षरं. पितांबरनं ती अशी पाठ केली, की आम्हांला आरतीसुद्धा तशी येत नव्हती!

देशाचं नाव ठेवलं पांझरस्थान. आपली पांझरा नदी इथूनच जाते, तिचा मान. कारभार? राजेशाही! दुसरं काय ठेवणार? लोकशाहीत लोक असतात, आणि लोकांवर याचा विश्वास नाही.

पण इथेच मास्तरांनी मेख मारून ठेवलेली. नियम नववा: ‘राजेशाही असली तरी हुकूमनाम्यावर तीन मंत्र्यांच्या आणि एका विरोधी पक्षनेत्याच्या सह्या हव्यात. सर्व सह्या एकाच हातच्या आढळल्यास राष्ट्र बरखास्त.’ पितांबर दोन दिवस जेवला नाही नीट. मग त्यानं काय करावं? चारही सह्या डाव्या हातानं केल्या! चार तऱ्हांनी, एक तर उलटी वही धरून. आठ दिवसांत पाकीट परत. वर लाल शाईत: ‘महाराज, डाव्या हाताची सहीही आपलीच असते. यावेळी माफ.’

झालं! आता सत्ता वाटणं आलं. आणि ज्याला रुमाल उसना द्यायचा जीव होत नाही, त्यानं खाती वाटायची!

वच्छलाबाईला, म्हणजे बायकोला, परराष्ट्र खातं दिलं. का? तर तिचं माहेर निजामपूर, त्यापलीकडे तिची ओळख नाही, मग परराष्ट्रात ती काय बिघडवणार? गृहखातं आईला, भागाबाईला. म्हातारीला सही येत नाही. ‘अंगठा चालेल का? नियमात बसतं का?’ पुस्तक काढलं, पान उलटलं… बसतं! म्हातारीनं अंगठा शाईत बुडवला आणि तसाच वर धरून ठेवला.

‘मनी जमीन त लिखी नही ली राहिना ना रे?’

पोटच्या पोराला विचारते, माझी जमीन तर लिहून घेत नाहीस ना! संशय काय आकाशातून पडतो होय, रक्तातून येतो. मी शेजारी, मला शेतीखातं. सैन्य, हेर, किल्ले, सगळं स्वतःकडे. राहिला विरोधी पक्षनेता. त्यासाठी त्यानं सगळ्या गावात कमी बोलणारा माणूस शोधला, आणि तो त्याला शोधावा लागलाच नाही. हिलाल शिंपी. स्टँडासमोर दुकान. दिवसाला दहा शब्द बोलणार, त्यातले चार ‘उद्या ये’चे. सोळा वर्षं रोज चार वाजता या दोघांचा एक कप चहा, दोन बशा. बोलणं नाही, काही नाही. एक फुर्रर्र इकडून, एक फुर्रर्र तिकडून, की झाली मैत्री. हिलाल म्हणाला, ‘माले काय करनं पडी?’ पितांबर म्हणाला, ‘विरोध. पण बोलू नको, नुसती सही कर.’ नियमात बसतं का? बसतं!

तीन महिने मजेत गेले. पांझरस्थानात दोन धरणं झाली, मी ज्वारी पिकवली, म्हातारीनं गृहमंत्री म्हणून गल्लीतल्या दोन कुत्र्यांना हद्दपार केलं, खऱ्या. आणि पितांबरची नजर गेली शेजारच्या देशावर. सुवर्णकदली! सावद्याचा कुणी खेळाडू, सही ‘द. चि. महाजन’. केळीचे मळे, वखारी, आणि मळ्यांकडे जाणारा एक घाट. पितांबर म्हणाला, घाट आपला झाला की केळं आपलं झालं. आमच्या सह्या कोऱ्या कागदावर आधीच घेऊन ठेवल्या, वर गुपचूप हुकूम लिहिला, पाकिटाला लाख लावली, लाखेवर अंगठी दाबली.

राजपत्र आलं. ‘पांझरस्थानचे सैन्य घाटात उतरले, परंतु सुवर्णकदलीने घाट आधीच दगड लोटून बंद केला होता. सैन्य परत.’

आधीच! तुम्हाला सांगतो, तो ‘आधीच’ शब्द त्यानं इतक्या वेळा वाचला की कागदाला तिथे भोक पडलं. पुढच्या महिन्यात नदीकडून चाल केली. राजपत्र: ‘सुवर्णकदलीने नदीकाठी आधीच चौक्या बसविल्या होत्या.’ पुन्हा आधीच!

‘फितूर आहे,’ पितांबर मला म्हणाला. भिंतीकडे तोंड करून म्हणाला, कारण भिंतीला कान असतात हे त्याला माहीत होतं आणि पलीकडे माझंच घर आहे हे तो विसरला होता.

आता बघा हां, संशयी माणसाला संशयाचं कारण सापडलं, की त्याला कसं बरं वाटतं! खुशीत आला हो! आधी पोस्टमन. हुकूमनामा पोस्टात टाकायचा बंद, तो जळगावला जाणाऱ्या कंडक्टरच्या हाती थेट यादवरावांकडे. मग माझ्यावर नजर. माझ्याकडे सावद्याच्या केळ्यांची एक फणी दिसली, तर तासभर चौकशी… कुणी दिली, कधी दिली, बदल्यात काय दिलंस? बाजारातून आणली रे बाबा! ‘पावती आहे?’ केळ्यांची पावती मागतो! मग आई. मग बायको, आणि तेच ते किटलीचं प्रकरण. पाकीट उघडलं, आत निजामपूरच्या भावाला लिहिलेलं: ‘आठे बठ्ठं बरं शे. मेथी वाळाडी ठेयेल शे. यास्नं डोकं आजकाल फिरेल शे, कोनले सांगू नका.’ नवऱ्याचं डोकं फिरलंय, असं बायको माहेरी कळवते! आता काय करतो? रागावता येईना, कारण रागावला तर वाचलं हे कबूल! तसंच पाकीट चिकटवलं आणि दोन दिवस बायकोकडे तिरकं बघत मेथीची भाजी खाल्ली.

मग त्यानं सापळा लावला. चौघांना चार थापा. आईला सांगितलं, उत्तरेकडून चाल करणार. बायकोला दक्षिणेकडून. मला म्हणाला, होड्यांतून जाणार, कुणाला बोलू नको. आणि हिलालला दुकानात जाऊन, बशी हातात धरून, खाली बघत सांगितलं की पूर्वेच्या जंगलातून. आणि खऱ्या हुकूमनाम्यात काय? काहीच नाही! सैन्य घरी. नियमात बसतं का? बसतं! जिकडे सुवर्णकदली दार लावेल, तिकडचा माणूस फितूर.

राजपत्र आलं, ते त्यानं खिडकीतच फोडलं. ‘सुवर्णकदलीने पूर्वेच्या जंगलात तटबंदी केली.’

पूर्व. हिलाल.

मी तिथे होतो, म्हणून सांगतो. त्याला राग यायला हवा होता ना? त्याचं तोंड आधी एवढंसं झालं. खुर्चीवरून उठला, परत बसला, परत उठला. साक्रीची गाडी लागली होती, तिचं नाव न पुकारताच बाहेर पडला आणि रस्ता ओलांडून दुकानासमोर उभा राहिला. हिलालच्या मशीनवर याचीच खाकी पँट चढलेली. आणि बाजाराचा दिवस, माणसं चिक्कार, आणि हा भोंग्याच्या आवाजात…

‘फितूर! सोळा वर्षं माझ्या बशीतला चहा प्यायलास आणि सावद्याला खबरा दिल्यास?’

लोकांना काय ठाऊक पांझरस्थान? लोकांना वाटलं, हिलालनं याच्या घरातलं काहीतरी सावद्याला पोचवलं. एक बाई तर कुजबुजली, ‘काय दिधं व्हई वं?’ हिलालनं पायडल थांबवलं. सुई वर घेतली, पँट काढली, घडी घातली, उरलेलं कापड तिच्यावर ठेवलं, आणि सगळं याच्या हातात दिलं.

‘सोळा वरीस व्हयनात भो. मी तुले वळखस. तू माले वळखं नही.’

मोजा. दिवसाचे दहा संपले, वर आणखी एक खर्च केला. मग त्यानं मशीनवर कपडा झाकला आणि भरबाजारात दुकान बंद करून घरी गेला.

त्या दिवसापासून चार वाजले की पितांबर खिडकीत उभा. समोर दुकान उघडं, मशीन चालू, पण तिकडून मान वर होत नाही. हा एकटा कपानं चहा प्यायचा, आणि त्याला चटका बसायचा, कारण सोळा वर्षांत कपानं प्यायची सवयच गेली होती. पँटीला एक पाय शिवलेला, एक नाही, ती तशीच खुंटीवर. दुसऱ्या शिंप्याकडे नेली नाही. विचारलं तर म्हणाला, ‘दुसरा माप चोरेल.’ मला कळलं ते काय होतं. तुम्हालाही कळलं असेल.

आणि महिन्याची दहा तारीख आली. हिलालची सही नाही. नियम: विरोधी पक्षनेत्याच्या सहीविना दोन हुकूमनामे गेले तर राष्ट्र बरखास्त. पहिला गेला तसाच, बिनसहीचा. आता एकच महिना उरला. देशही जाणार होता आणि चहा तर गेलाच होता.

त्या महिन्याचं राजपत्र त्यानं घरी आणून वाचलं. आम्ही सगळे ओसरीवर होतो, वच्छलाबाई शेंगा फोडत होती. यादवरावांनी ताकीद दिलेली, ती वाचली. आणि खाली आणखी एक ओळ… ‘पांझरस्थान आणि सुवर्णकदली यांच्यात चार महिन्यांपूर्वी झालेला गुप्त तह मुदत संपल्याने प्रसिद्ध करण्यात येत आहे. स्वाक्षऱ्या: श्रीमती द्रौपदाबाई चिंतामण महाजन, सावदा, आणि श्रीमती वच्छलाबाई, परराष्ट्रमंत्री, पांझरस्थान.’

शेंगा फोडायचा आवाज थांबला नाही. तट्. तट्.

‘तू?’ पितांबर म्हणाला.

‘मी.’

‘राजाला न विचारता?’ नियमावली काढली. पान आठ. ‘परराष्ट्रमंत्र्यास चार महिन्यांपर्यंत राजापासूनही गुप्त असा तह करता येईल, कारण इतिहासात असे घडलेले आहे.’ नियमात बसतं का? कुणी विचारलं नाही. बसत होतं.

‘तुमनं सैन्य दोन हजार,’ वच्छलाबाई म्हणाली, ‘तिनं नऊ हजार. राजपत्रमा लिखेल व्हतं, तुमी वाचं नही. तुमी घाटमा उतरतात आन् ती एक महिनामा आपला देश गिळी लेती. मी तिले लिखं, बाई, तू दार लाव, पन लाठी काढू नको. तिनी शब्द पाळा.’

‘पण मी कुठून जाणार, हे तुला कसं कळायचं? मी तर कुणालाच…’

‘तुमीच त वरडतस ना न्हाणीमा!’

आणि मग मलाही उमगलं! रोज सकाळी अंगावर पाणी घेताना हा भोंग्याच्या आवाजात सगळं म्हणून बघायचा… ‘पांझरस्थानचे सैन्य नदीमार्गे सुवर्णकदलीकडे रवाना होत आहे, सैनिकांनी कृपया…’ अख्ख्या गल्लीला ऐकू यायचं! मलाही यायचं! मला वाटायचं, नोकरीचं वेड आहे, जाऊ द्या.

‘मग पूर्व? पूर्व तर थाप होती! चार थापा होत्या!’

वच्छलाबाईनं पहिल्यांदा मान वर केली. ‘आमन्या तीन्ही थापा तुमी एकेक डाव म्हन्यात. पूर्वनी तीनदा म्हनी. चुकत व्हतात, परत म्हनत व्हतात. माले वाटनं, तीच खरी.’

पितांबर भिंतीला टेकून खाली बसला. बायकोशी, आईशी, शेजाऱ्याशी खोटं एका दमात बोलून गेला होता. हिलालशी खोटं बोलायला त्याला तीनदा सराव करावा लागला. आणि त्या सरावापायी हिलाल फितूर ठरला.

दुसऱ्या दिवशी चार वाजता निघाला. मला बरोबर घेऊन, का तर साक्षीदार हवा. अजून संशय! रस्ता ओलांडताना पुटपुटत होता, ‘माझ्याकडून गैरसमजातून जे वर्तन घडले, त्याबद्दल…’ गाडी पुकारतो तसं. दुकानात पोचला, हिलालनं मान वर केली, आणि सगळं वाक्य गेलं कुठे कोण जाणे.

‘मनं चुकनं, भो.’

सोळा वर्षांत त्याच्या तोंडून घरची बोली दुकानात पहिल्यांदा निघाली ती त्या दिवशी. हिलालनं पायडल थांबवलं. मग म्हणाला, ‘सहीसाठे वुना?’

‘नही. चहासाठे.’

‘सरकारना चहा विरोधी पक्ष लेत नही.’

आणि गल्ल्याखालून एक कागद काढून पुढे केला. तुम्हाला सांगतो, माझी मान खाली गेली, कारण मला तो कागद ठाऊक होता. अविश्वासाचा ठराव! हिलालच्या अक्षरात, टाके घातल्यासारखं एकेक अक्षर. खाली वच्छलाबाईची सही, भागाबाईचा अंगठा, आणि… हो, माझीसुद्धा. सकाळीच करून दिली होती. केळ्यांची पावती मागितली होती त्यानं, विसरतो का मी?

पितांबरनं कागद वाचला, पुन्हा वाचला. मला वाटलं, आता हा भोंगा सुरू होणार. त्यानं फक्त खिशातून नियमावली काढली, हातात धरली, आणि न उघडता परत खिशात ठेवली. खिशाला पेन होतं, त्यानं खाली लिहिलं, ‘मान्य.’

हिलालनं कागदाची घडी घातली. मग कप उचलला, दोन बशा मांडल्या, दोन्हींत सारखा ओतला.

‘आते तू सरकार नही,’ तो म्हणाला. ‘आते ले.’

फुर्रर्र. मग दुसरीकडून फुर्रर्र. मला कुणी विचारलंसुद्धा नाही, मी उभाच!

तर आता पांझरस्थानवर राज्य वच्छलाबाईचं. हिलाल परराष्ट्र खात्यात गेला, गुपित त्याच्याकडून कोण काढणार? द्रौपदाबाईंशी व्यापार चालू, तिसरं धरण झालं, राजपत्रात आमच्या देशाचं कौतुक येतं. आणि पदच्युत राजा नियमाप्रमाणे काय होतो? विरोधी पक्षनेता! त्यानं दर महिन्याला सरकारवर किमान एक आक्षेप घ्यायचा, हे त्याचं कर्तव्य. म्हणजे बघा, ज्या गोष्टीसाठी आम्ही त्याला आयुष्यभर नावं ठेवली, ती आता त्याची नेमून दिलेली कामगिरी! पहिले दोन महिने त्यानं बारा-बारा आक्षेप काढले. तिसऱ्या महिन्यात चार. गेल्या महिन्यात अख्खा हुकूमनामा उलटा-सुलटा वाचला, उजेडात धरून पाहिला, आणि शेवटी लिहिलं, ‘आक्षेप नाही.’

आठ दिवसांत यादवरावांचं लाल शाईतलं उत्तर: ‘पांझरस्थानचे विरोधी पक्षनेते सरकारशी आतून मिळालेले असल्याचा दाट संशय येतो. खुलासा करावा.’

मी म्हटलं, अरे लिही की खुलासा! तर जेवत होता, घास तोंडात घालून म्हणाला, ‘काय लिहू? राहतो तिच्याच घरात, जेवतो तिच्याच हातचं… मास्तर काही खोटं म्हणत नाहीत रे.’